ठमीचा मांडव

यंदाच्या उन्हाळ्यात ठमीचं एकही पिल्लू उन्हानं जाऊ द्यायचं नाही, हे मी चैत्रातच ठरवलं होतं आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. एकतीस वर्षं तहसील कचेरीत काढली आहेत मी, शेवटची नऊ बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून. माझ्या टेबलावरच्या फायलीपुढे भले भले वकील घाम पुसायचे. तेव्हा एका मांजरीचं बाळंतपण मला जड जाऊ नये, अशी माझी समजूत होती.

ठमी म्हणजे आमची मांजर. अंगानं किरकोळ, रंगानं तपकिरी-पांढरी आणि स्वभावानं माझ्या सासूबाईंवर गेलेली. तिचा तीन वर्षांचा मुलगाही आमच्याकडेच असतो. त्याला आम्ही पाटील म्हणतो. पाटलांचं वजन सहा किलो आहे आणि त्यांना उन्हाळ्याचा त्रास होत नाही, कारण ते हलतच नाहीत. मोरीतल्या ओल्या फरशीवर सकाळी उताणे होतात ते दिवेलागणीला उठतात. बाकीच्यांनी आंघोळ त्यांना ओलांडून करायची.

गेल्या वर्षी ठमी माळ्यावर व्याली. माळा म्हणजे सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरावरची पत्र्याची खोली. आम्ही भुसावळला लग्नाला निघालो, तेव्हा नेहमीच्या शिस्तीनं मी माळ्याचं दार ओढलं, कुलूप घातलं आणि कुलूप लागलंय का ते दोनदा ओढून बघितलं. आत पिल्लं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलो तेव्हा ठमी दाराबाहेर बसलेली होती आणि तीन पिल्लं आत होती. बाहेर चव्वेचाळीस होतं. पत्र्याखाली किती असेल ते मी मोजलं नाही. तिघांना मी माझ्या हातानं परसात पुरलं आणि ते दार बिजागऱ्यांसकट उखडून भंगारात दिलं. तेव्हापासून ठमी कोकिळेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पायात घोटाळते, तिच्या हातून खाते आणि मी आलो की उठून जाते. लोक म्हणतात, मुक्या जनावराला काय कळतं! अहो, सगळं कळतं. मला ती ते दिवसातून चार वेळा कळवते.

तर यंदा ठमीचं पोट दिसायला लागल्याबरोबर मी तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पिशवी कोकिळेनं धरली होती. कागदपत्रं मी धरली होती.

‘बाबूजी, पशु कौनसा?’ पर्ची फाडणाऱ्यानं विचारलं. आमच्या गावात सरकार हिंदीत बोलतं.

‘मांजर. बिल्ली.’

त्यानं छापील पर्ची माझ्यापुढे सरकवली. गाय, भैंस, बकरी, मुर्गी. ‘इसमें बिल्ली का कॉलम नहीं है.’

कॉलम नाही म्हटल्यावर मी काय बोलणार? हेच वाक्य मी एकतीस वर्षं लोकांना ऐकवत आलो. शेवटी त्यानं आपल्या जबाबदारीवर ‘बकरी, नग एक, वजन साडेतीन किलो’ असं लिहिलं आणि आम्हाला आत सोडलं. डॉक्टरीणबाई मात्र भल्या निघाल्या. त्यांनी पोट चाचपून सांगितलं, चार असतील, दहा-बारा दिवस आहेत. गार, अंधारी, शांत जागा द्या. पाणी तीन-चार ठिकाणी ठेवा. अंगावर बर्फाचं पाणी ओतू नका. तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागली तर ओल्या फडक्यानं पाय-पोट पुसा आणि पळत इकडे या. ‘और सबसे जरूरी बात, उसके पास भीड़ मत होने देना.’ मी ते सगळं वहीत लिहून घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

आता आमची गल्ली. दवाखान्यातून आम्ही घरी पोचायच्या आत गल्लीचा सल्ला दारात उभा होता. समोरचे कडूसाहेब रेल्वेतून रिटायर झालेले आहेत आणि जगातली कुठलीही गाडी लेट झाली तर ती का झाली हे त्यांना माहीत असतं. ते म्हणाले, ‘सरळ भादरून टाका तिला. मी आणतो मशीन.’ मी म्हणालो, केसांनीच ऊन अडतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. ते म्हणाले, ‘मग तुम्ही का टक्कल घेऊन फिरता?’ मी टोपी घातली. शेजारच्या वैजयंतीबाईंनी तर सल्ल्यावर वेळ न घालवता पाटलांच्या गळ्यात सुतळीनं कांदा बांधला. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही म्हणे. मांजराच्या पोटात कांदा गेला तर ते विष असतं, असं ओरडत कोकिळेनं तो सोडवला. पाटील त्या वेळातही हलले नाहीत.

मी आधी कूलर लावला. घरातला जुना लोखंडी कूलर मधल्या खोलीच्या खिडकीत बसवला, जाळ्यांत नवीन घास, म्हणजे गवत, भरला, पाणी ओतलं. तो सुरू होताच असा काही गरजला की ठमी कपाटावर जाऊन बसली. दोन दिवसांनी तिला त्याची सवय झाली आणि बरोबर तिसऱ्या दिवसापासून दुपारी बारा ते तीन मेंटेनन्सच्या नावाखाली वीज जायला लागली. मेंटेनन्स बरोबर त्याच वेळात करावा लागतो ज्या वेळात माणसाचा जीव जातो, हा वीजवाल्यांचा नियम मी सरकारी नोकरीत राहूनही समजू शकलो नाही. मी तक्रारीचा नंबर लावला. पलीकडून एक गोड आवाज आला.

‘सर, घर में कोई बुजुर्ग या मरीज है क्या?’

‘गर्भवती है.’

‘ओह! कौनसा महीना सर?’

‘दूसरा पूरा हो रहा है.’

‘फिर तो अभी बहुत टाइम है सर,’ असं म्हणून त्या बाईनं फोन ठेवला. पाच मिनिटांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालेलं आहे.

मी चिडलो, पण मागे हटलो नाही. जसोंडीला माझा मेव्हणा लीलाधर असतो, त्याची सहा एकर केळी. त्याला फोन केला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, ‘दाजी, तुम्ही बी ना! कूलर कायले पाहिजे? आमच्या वावरात घड कापल्यावर केळीचे खांब नुसते पडेल राहतात. नव्वद टक्के पाणी रायते त्यात. भर दुपारी मी खांबाले पाठ लावून झोपतो, मले स्वेटर लागते. खांबाची खोली बांधून द्या तिले. लाईट नको, बिल नको, एकदम टकाटक!’

स्वेटरची गोष्ट सोडून द्या, पण मुद्दा मला पटला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लीलाधरची ट्रॉली गल्लीत शिरली. तीत चाळीस खांब होते आणि त्यातल्या चारांना त्यानं शेंड्याची पानं तशीच ठेवली होती, वर सावलीला. ट्रॉली बघून गल्लीतली सगळी दारं उघडली.

परसात जागा होती. पण परसात मला तिचं बाळंतपण नको होतं. म्हणून खोली पुढच्या अंगणात बांधायची ठरली. जमीन मोजण्यात माझी हयात गेलेली, तेव्हा काम मी चोख केलं. पाच फूट बाय पाच फूट, काटकोनात. चार कोपऱ्यांना पानांचे चार खांब उभे. मधे आडव्या खांबांच्या भिंती. दार पूर्वेला, कारण ऊन पश्चिमेचं मारतं. आत मधोमध लाकडी पाट, त्यावर सुती धोतराची घडी. एका बाजूला पाण्यानं भरलेला तांब्या, दुसऱ्या बाजूला मातीचा माठ, त्याला ओलं लाल फडकं गुंडाळलेलं. केळीच्या चिकानं माझा पांढरा सदरा कायमचा काळा झाला, कमरेत उसण भरली आणि लीलाधर ‘दाजी, सरका, तुमच्यानं नाही व्हत’ असं मजुरांसमोर बोलला. मी सगळं गिळलं. दुपारी दोन वाजता बाहेर पंचेचाळीस असताना मी आत थर्मामीटर टांगलं. चौतीस! मी कोकिळेला हाक मारून मारून ते दाखवलं. सव्वादोनला ठमी आली, दारात थांबली, आत गेली, तीन वेळा गोल फिरली आणि धोतरावर लवंडली. मी अंगणात उन्हात उभा राहून स्वतःचीच पाठ थोपटली.

आता मी काय चूक केली, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. अधिक महिना चालू होता, चार दिवसांवर पौर्णिमा होती आणि मी भर रस्त्यालगत चार केळीचे खांब, मधे पाट, पाणी भरलेला तांब्या आणि लाल फडक्याचा माठ असं पूर्वाभिमुख मांडून ठेवलं होतं. सत्यनारायणाला याहून जास्त काय लागतं?

‘काय बडे बाबू, काय कार्य काढलं?’ कडूसाहेबांनी कुंपणावरून विचारलं.

इथे खरं सांगून टाकायला हवं होतं. पण एकतीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय जमिनीचा कागद हलत नव्हता, त्या माणसानं मांजरीसाठी चाळीस खांबांची खोली बांधली, हे कडूसाहेबांना सांगायचं? तेही टकलाचा विषय ताजा असताना? मी म्हणालो, ‘काही नाही, घरचंच आहे थोडं.’

बस. ‘घरचंच आहे थोडं’ याचा अर्थ आमच्या गावात ‘तुम्हाला बोलावणार नाही’ असा होतो. संध्याकाळपर्यंत कडूसाहेब रुसले. दुसऱ्या दिवशी वॉर्डाचा माणूस येऊन रस्त्यालगतच्या मांडवाला परवानगी लागते म्हणून अर्ज देऊन गेला. त्यात ‘कार्यक्रमाचं स्वरूप’ असा रकाना होता. मी ‘घरगुती’ लिहिलं आणि ‘उपस्थितांची संख्या’ यापुढे खूप विचार करून ‘अंदाजे पाच’ लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी इंदूरहून माझ्या मुलीचा, हिमानीचा, फोन आला.

‘पप्पा, मेरी सगाई है क्या? आपल्या शनवारा मोहल्ल्यातून मैत्रिणीचा मेसेज आलाय, काँग्रॅच्युलेशन्स म्हणून.’

‘कोणी सांगितलं तिला?’

‘ते सोडा. ती म्हणते, अधिक महिन्यात कोण सगाई करतं, नक्की काहीतरी घाईचं असणार. पप्पा, माझी कसली घाई आहे? मला पण कळू द्या ना!’

मी तिला खरं सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी तिला पाणी आणून दिल्याचा आवाज आला. कोकिळा म्हणाली, ‘अहो, सगळ्यांना सांगून टाका ना एकदाचं. मांजर आहे, चोरी नाही केली.’ मी म्हणालो, पौर्णिमा होऊन जाऊ दे, लोक आपोआप विसरतील. आयुष्यात इतका चुकीचा शेरा मी कुठल्याही फायलीवर मारला नव्हता.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी तीनपासून ठमी अस्वस्थ झाली. धोतर खरवडायला लागली. कोकिळा म्हणाली, आजच. मी दाराशी स्टूल टाकून बसलो. ठमीला दिसणार नाही असा, बाजूला. भिंतींवर पाणी शिंपडलं. साडेचारला अजून त्रेचाळीस होतं. आणि पावणेपाचला फाटक वाजलं.

वैजयंतीबाई जरीच्या साडीत. त्यांच्यामागे आणखी सात-आठ बाया, हातात फुलांच्या आणि पंचखाद्याच्या ताटल्या. त्यांच्यामागे रुसलेले कडूसाहेब, पण धुतलेल्या सदऱ्यात. सगळ्यांच्या पुढे चंदन महाराज, पोथी काखेत. ‘तुम्ही कामात असाल, म्हटलं महाराजांना मीच सांगून ठेवते,’ वैजयंतीबाई म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत चंदन महाराजांनी मांडवाकडे बघून ‘वा, क्या डेकोरेशन है!’ म्हटलं, पिशवीतून शंख काढला आणि छाती भरून फुंकला.

ठमी बाणासारखी बाहेर आली. माझ्या पायांमधून, वैजयंतीबाईंच्या साडीखालून, जिना चढून थेट माळ्यावर. माळ्यावर, पत्र्याखाली! दार तर मीच काढून टाकलं होतं.

मी कमरेतली उसण विसरून जिना चढलो. आत पाऊल टाकलं तर भट्टीत तोंड घातल्यासारखं झालं. ठमी जुन्या ट्रंकेमागे अंग चोरून बसली होती. तोंड उघडं होतं, जीभ बाहेर आणि ती धापा टाकत होती. मी एक पाऊल पुढे टाकलं की ती आणखी मागे सरकत होती. माझ्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीची तिघं आली. मी तिथूनच ओरडलो, ‘कोकिळे! तू ये! माझ्यानं होणार नाही, ती मला जवळ येऊ देत नाही!’

कोकिळा पदर ओला करूनच वर आली होती. मला म्हणाली, ‘तुम्ही खाली जा. आधी ती माणसं घालवा.’

मी खाली उतरलो. अंगणात आता तीस जण होते. कोणी मांडवाला माळ लावत होतं, कोणी मोबाइलवर आरती लावत होतं, लीलाधर प्रसाद मिळेल म्हणून जसोंडीहून बायकापोरांसह हजर झाला होता. मी स्टुलावर चढलो. माझा सदरा काळा, डोळ्यांत पाणी, आवाज फाटलेला.

‘बंद करा! सगळं बंद करा! इथे पूजा नाही, सगाई नाही, काही नाही! घरात बाळंतपण आहे!’

वैजयंतीबाई मटकन पायरीवर बसल्या. ‘अगं बाई,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे ती घाई... हिमानी?’

‘ठमी!’ मी किंचाळलो. ‘आमची मांजर! तिच्यासाठी बांधलाय हा मांडव. गेल्या वर्षी तिची तीन पिल्लं माझ्यामुळे मेली. मी कोंडलं त्यांना. यंदाची मरू द्यायची नाहीत मला. हसायचं असेल तर उद्या या, दिवसभर हसा, मी चहा देईन. आत्ता जा!’

कोणी हसलं नाही. आधी वैजयंतीबाई उठल्या आणि त्यांनी पदर खोचला. ‘ऐकलं ना? बाळंतपण आहे,’ त्या खालच्या आवाजात म्हणाल्या आणि पुढच्या तीन मिनिटांत त्यांनी जे केलं ते आमच्या कचेरीला एकतीस वर्षांत जमलं नाही. आरती बंद. चपला बाहेर. कडूसाहेब गल्लीच्या तोंडाशी उभे, हॉर्न वाजवील त्याची गाडी परत. लीलाधर बादलीनं भिंतींवर पाणी मारायला. पश्चिमेच्या बाजूला दोन बायांनी आपल्या घरचे ओले चादरीचे पडदे धरले. कोणीतरी हळूच विचारलं, ‘महाराज, सुयेर लागतं का आपल्याला?’ चंदन महाराज शंख पिशवीच्या तळाशी दडवत होते. ते म्हणाले, ‘पोथीत मांजराचं काही दिलेलं नाही,’ आणि एका कोपऱ्यात मांडी घालून गप्प बसले.

कोकिळेनं ठमीला ओल्या पदरात गुंडाळून खाली आणलं आणि दोघी आत गेल्या. मी बाहेर. बऱ्याच वेळानं खांबांच्या फटीतून कोकिळेचा हात बाहेर आला. एक बोट. तीस माणसांनी आवाज न करता हात हलवले. मग दोन बोटं. मग तीन. तिसऱ्यानंतर काहीच होईना. ऊन उतरलं, चादरी धरणाऱ्या बायांनी हात बदलले, कडूसाहेब गल्लीच्या तोंडाहून खुणेनं विचारत होते आणि मी खुणेनं ‘नाही’ म्हणत होतो. मला काय काय वाटून गेलं ते मी सांगणार नाही. शेवटी हात बाहेर आला. चार बोटं, आणि मग अंगठा हलवून खूण, की हलतंय, जिवंत आहे. वैजयंतीबाई तोंडात पदर कोंबून रडल्या. मीही रडलो आणि मला पदर नसल्यामुळे ते सगळ्यांना दिसलं.

कोणाच्या तरी घरून शिरा आला. सगळ्यांनी तो उभ्याउभ्या, चमच्याचा आवाज न करता खाल्ला. कडूसाहेब जाताना माझ्याजवळ थांबले, माझ्या टकलाकडे बघितलं आणि खांदा थोपटून गेले. गल्ली रिकामी झाली. कोकिळा हात-पाय धुऊन स्वयंपाकाला लागली. मी स्टूल घेऊन मांडवाच्या बाजूला बसलो.

थोड्या वेळानं ठमी दारात आली. मला बघितलं. मी सवयीनं उठायला लागलो, म्हटलं आपल्यामुळे तिला आत पळावं लागायला नको. पण ती पळाली नाही. माझ्या पायाला अंग घासून पुढे गेली, कुंडीजवळच्या वाडग्यातलं पाणी प्यायली आणि सावकाश कुंपणापलीकडे गेली. आत चार पिल्लं बारीक आवाजात कुरकुरत होती. जवळ मी सोडून कोणी नव्हतं.

‘अहो, पान वाढलंय, येताय ना?’ कोकिळेनं आतून हाक मारली.

‘आत्ता नाही,’ मी म्हणालो. ‘ती पोरं माझ्यावर सोपवून गेलीय.’